वेबसाठी फोटो एक्स्पोर्ट करताना या चुका टाळा

फोंड्यातील एका मंडळाच्या संकेतस्थळासाठी मी शिगमोत्सवाचे फोटो तयार करतो आणि दरवर्षी मला तीच चूक दिसते: जेपेग उघडायची, थोडी कापायची आणि पुन्हा जेपेग म्हणूनच साठवायची. जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडून त्यांतील बारीक तपशील कमी करते, त्यामुळे बदल करून साठवण्याच्या प्रत्येक फेरीत चित्र आणखी झिजते. एका वर्षी चित्ररथाचा एक सुंदर फोटो चौघांच्या मोबाइलमधून फिरून माझ्याकडे आला, तेव्हा गुलालाच्या जागी चौकोनी डाग दिसत होते. पाठवणाऱ्याने शेवटी क्वालिटी (जेपेग साठवताना निवडायचा दर्जाचा आकडा) १०० ठेवली होती, पण त्याने फाइल तेवढी फुगली. गेलेला तपशील परतला नाही. मूळ फोटो मागवला, तर तो कार्डावरून पुसलेला होता. तेव्हापासून मी मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो, दुरुस्त्या टिफ या तपशील न गमावणाऱ्या प्रकारात करतो आणि जेपेग अगदी शेवटी, एकदाच काढतो.

दुसरी चूक जत्रेतल्या नाटकांच्या जाहिरातींत आढळते. हिरव्यावर लाल अक्षरे असली की त्यांच्या कडा फिसकटतात, कारण जेपेगच्या ४:२:० या रंगाच्या सेटिंगमध्ये चार पिक्सेलना मिळून रंगाची एकच नोंद राहते. अशा चित्राला प्रत्येक पिक्सेलचा रंग ठेवणारे ४:४:४ निवडावे किंवा सरळ तपशील न गमावणारी पीएनजी काढावी. वेबपी या वेबसाठीच्या चित्रप्रकारात लॉसी (तपशील गमावणारी) फाइल नेहमी ४:२:० असते, म्हणून तिथे लॉसलेस (तपशील न गमावणारा) प्रकारच घ्यावा.

‘सगळ्या फोटोंना चालेल असा क्वालिटीचा एकच आकडा सांगा’ हा नवशिक्यांचा आग्रह मला मान्य नाही. गणपतीवर टांगलेल्या, फळापानांनी गच्च भरलेल्या माटोळीच्या फोटोची फाइल क्वालिटी ८० वरही मोठी होते, पण तिथली झीज पानांच्या गर्दीत लपते. मिरामार किनाऱ्यावरच्या संध्याकाळच्या आकाशाची फाइल लहान होते, पण क्वालिटी थोडी उतरवताच त्यात पट्टे उमटतात. मी ८० पासून सुरुवात करतो, चित्र १०० टक्के आकारात पाहतो, दोष दिसेपर्यंत खाली येतो आणि मग पाच अंक वर चढतो. याला फोटोमागे दोन मिनिटे लागतात आणि ती द्यायलाच हवीत.

६००० पिक्सेल रुंदीचा फोटो तसाच चढवू नये. लेखातील चित्राला मी १६०० ठेवतो. डीपीआय (छपाईसाठीचा इंचामागे ठिपक्यांचा आकडा) बदलण्यात वेळ घालवू नये, कारण ब्राउझर तो आकडा विचारात घेत नाही. रंग एसआरजीबी या वेबच्या नेहमीच्या रंगपद्धतीत रूपांतरित करावेत. घरच्या गणेश चवथीचा फोटो असेल, तर त्यातील जीपीएस नोंद (फोटो काढल्याची जागा) आधी काढून टाकावी.