घरातली छोटी रेल्वे: आधी रूळ, मग इंजिन

नाशिकमध्ये ज्याला घरात मॉडेल रेल्वे उभी करायची असेल, त्याने पहिले पैसे इंजिनावर खर्च करू नयेत, हे मी अगदी सुरुवातीलाच सांगतो. नाशिक रोडच्या फलाटावर उभे राहून पंचवटी किंवा गोदावरी एक्स्प्रेस पाहत लहानाचे मोठे झालेल्या माणसाला सर्वप्रथम तेच इंजिन हवे असते आणि ही ओढ मला पूर्णपणे समजते. परंतु महागडे इंजिन वाकड्या रुळावर तिसऱ्या फेरीलाच घसरते, उलट नीट बसवलेल्या रुळावर साधे इंजिनसुद्धा तासन्‌तास विनातक्रार धावते. म्हणून या लेखाचा मोठा भाग रुळांविषयी आहे.

प्रथम प्रमाण ठरवावे. आपल्याकडे मुख्यतः दोन प्रमाणे चालतात: एचओ, म्हणजे १:८७ (खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढे), ज्यात दोन रुळांमधील अंतर १६.५ मिमी असते. आणि एन, म्हणजे साधारण १:१६०, ज्यात हे अंतर ९ मिमी असते. हल्लीचा एलएचबी जातीचा प्रवासी डबा कपलिंगसह, म्हणजे डबे जोडणाऱ्या सांध्यासह, सुमारे २४ मीटर लांब असतो, म्हणजे एचओमध्ये तो २७ ते २८ सेंटिमीटर भरतो आणि एनमध्ये १५ सेंटिमीटर. बावीस डब्यांची पूर्ण गाडी एचओमध्ये सहा मीटरच्या पुढे जाते, म्हणून फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने पाच-सहा डब्यांवरच समाधान मानावे. नीट रचलेल्या देखाव्यात तेवढी गाडीही डोळ्याला पूर्ण वाटते. भारतीय डबे आणि इंजिने एचओमध्ये तुलनेने सहज मिळतात, तर एनमध्ये जागा वाचते, पण बरेचसे स्वतः घडवावे लागते. नवख्या माणसाला मी एचओच सुचवतो.

येथे एक तडजोड आधीच समजून घ्यावी. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमीची आहे. ८७ ने भागल्यास ती १९ मिमीहून थोडी अधिक भरते. बाजारात मिळणारा १६.५ मिमीचा रूळ मात्र युरोप-अमेरिकेतील १४३५ मिमीच्या रुळावरून आलेला आहे, त्यामुळे आपले डबे त्यावर किंचित अरुंद पायावर उभे असल्यासारखे दिसतात. काही निष्ठावान मंडळी स्वतः रुंद रूळ घडवतात. त्या कामाविषयी मला आदर आहे, पण ती पहिल्या वर्षाची गोष्ट नव्हे.

यानंतर फळी. मोठा आठ बाय चार फुटांचा लेआउट, म्हणजे रूळ-देखाव्याची पूर्ण मांडणी, एकदम करण्याऐवजी चार फूट लांब आणि दीड फूट रुंद अशी एकच फळी पूर्ण करावी, असे माझे ठाम मत आहे. ती कपाटामागे उभी ठेवता येते, दोघांना उचलता येते आणि पुढे दुसऱ्या कोणाच्या फळीला जोडताही येते. प्लायवूड घेताना हलगर्जीपणा करू नये. माझ्या पहिल्या फळीसाठी एका दुकानाने पावसाळ्यात टिकणारे म्हणून दिलेले प्लाय जुलैपर्यंत ठीक राहिले आणि ऑगस्टमध्ये मधोमध बोटभर फुगले; त्या फुगवट्यावर रूळ कमानीसारखा उचलला गेला आणि दोन महिन्यांचे काम उखडावे लागले. तेव्हापासून मी उकळत्या पाण्यात टिकणाऱ्या प्रतीचे प्लाय घेतो, दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कडांना ऑइल पेंटचे दोन हात देतो आणि खालून पट्ट्यांची चौकट ठोकतो. कडा उघड्या राहिल्या, तर वरचा रंग कितीही जाड असला, तरी उपयोग होत नाही, कारण ओल तेथूनच आत शिरते. चौकटीचे कोपरे गुण्या लावून काटकोनात तपासावेत. पुढे दोन फळ्या जोडताना त्याचे महत्त्व कळते.

आता रूळ. लवचीक रूळ सहसा ९१४ मिमी लांबीचे मिळतात आणि हवी तशी वळणे घेतात. वळण ठरवताना एक ढोबळ नियम उपयोगी पडतो: वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या किमान दुप्पट असावी, आणि तिप्पट असल्यास गाडी दिसायलाही चांगली दिसते. २७ सेंटिमीटरच्या डब्यासाठी तिप्पट म्हणजे ८१ सेंटिमीटर. खेळण्यांच्या संचातील ४३८ मिमीच्या वळणावर असा डबा कसाबसा वळतो, पण त्याचे मधले अंग आत आणि टोके बाहेर लोंबतात आणि कपलिंगे एकमेकांना ओढून डबा रुळाबाहेर काढतात.

दोन रुळांच्या जोडाकडे मी सर्वांत जास्त वेळ देतो. रूळ कापल्यावर टोकाला धातूची बारीक धारदार कड राहते. ती बारीक कानशीने आतील बाजूने आणि वरून घासून काढावी. जोड बसल्यावर डोळ्यांवर विश्वास न ठेवता अंगठ्याचे नख रुळाच्या आतील कडेवरून हळूहळू फिरवावे. नख जेथे अडते, तेथे चाक अडणारच. त्यानंतर खोलीतील दिवा बंद करून टॉर्च रुळाच्या पातळीवर आडवी धरावी आणि दुसऱ्या टोकाकडून पाहावे. केसाएवढा उंचवटाही लांब सावली टाकतो आणि ताबडतोब सापडतो. शेवटी इंजिन न लावता एक डबा हाताने ढकलत न्यावा आणि ऐकावे. चांगल्या जोडावर हलकी ‘टिक’ ऐकू येते, वाईट जोडावर ‘खट’ होते. नाशिकला हिवाळ्यात पहाटे कडाक्याची थंडी आणि एप्रिल-मेमध्ये कडक ऊन असल्यामुळे फळी आणि रूळ दोन्ही आकसतात व पसरतात. म्हणून प्रत्येक जोड सोल्डरने घट्ट न करता अधूनमधून व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट मोकळी ठेवावी.

फट ठेवली, की वीज जोडातून जाईलच याची खात्री राहत नाही, म्हणून वायरिंगचे काम मन लावून करावे. फळीखाली दीड चौरस मिमीच्या दोन वायरी, एक लाल आणि एक काळी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्याव्यात आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला त्यांच्यापासून बारीक वायरीने स्वतंत्र पुरवठा द्यावा. रुळाला वायर सोल्डर करताना नवख्यांचे रुळाखालचे प्लास्टिकचे स्लीपर हमखास वितळतात. त्यावर उपाय असा की, ज्या जागी डाग द्यायचा, त्याच्या दोन्ही बाजूंना रुळावर ओल्या कापसाचे बोळे ठेवावेत, रुळाची बाहेरची बाजू पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासावी, रुळावर आणि वायरीवर वेगवेगळा सोल्डर आधीच चढवून घ्यावा आणि मग पूर्ण तापलेली सोल्डरिंगची इस्त्री फक्त दोन-तीन सेकंद टेकवावी. कमी तापलेली इस्त्री बराच वेळ धरून ठेवण्यापेक्षा जास्त तापलेली क्षणभर टेकवणे केव्हाही बरे. ॲसिडयुक्त फ्लक्स (सोल्डर नीट धरावा म्हणून लावायचा लेप) वापरू नये. तो नंतर तारेला खातो. राळेचा फ्लक्स पुरेसा असतो.

सुरुवातीला साधा १२ व्होल्टचा डीसी कंट्रोलर घ्यावा. त्यात रुळातील वीज कमी-जास्त करून गाडीचा वेग बदलतो, आणि ध्रुव उलटे केल्यावर दिशा बदलते. एकाच रुळावर दोन इंजिने स्वतंत्रपणे चालवायची झाली, की डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धत लागते. तिच्यात रुळावर सतत पूर्ण वीज असते आणि प्रत्येक इंजिनातील डीकोडर फक्त आपल्या क्रमांकाची आज्ञा ऐकतो. या पद्धतीची मानके अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन या १९३५ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने ठरवलेली असल्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांबरोबर चालतात. डीसीसी बसवल्यावर रुळाच्या प्रत्येक टप्प्यावर एक नाणे आडवे टाकून पाहावे. पुरवठा तत्काळ बंद पडला पाहिजे. तो पडत नसेल, तर वायरी बारीक आहेत किंवा पुरवठ्याची जागा फार लांब आहे, आणि अशा ठिकाणी शॉर्ट झाल्यास डब्याची चाके तापून प्लास्टिक वितळू शकते.

विषय कोणता घ्यावा, यासाठी नाशिककराला फार शोधाशोध करावी लागत नाही. कसारा ते इगतपुरी हा १८६५ मध्ये खुला झालेला थळ घाट ३७ ला १ अशा चढाचा आहे, आणि तेथे चढणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून ढकलणारी बँकर इंजिने जोडतात. हे दृश्य घरात आणण्याचा मोह प्रत्येकाला होतो, पण त्याचा हिशेब आधी करावा. एका रुळावरून दुसरा रूळ नेण्यासाठी साधारण साडेसात सेंटिमीटर उंची लागते. ३७ ला १ या चढाने ती गाठायला पावणेतीन मीटरहून अधिक लांबी हवी. शिवाय छोट्या इंजिनाची ओढण्याची ताकद अशा चढावर सपाटीच्या जवळपास निम्म्यावर येते. मागून बँकर लावल्यास दोन्ही इंजिनांचा वेग अगदी सारखा जुळवावा लागतो, नाहीतर वळणावर मधले हलके डबे चिमटून बाहेर उडतात. घाट ही दुसऱ्या किंवा तिसऱ्या फळीची गोष्ट आहे.

पहिल्या फळीसाठी मी नाशिक रोडच्या पुढचे एखादे लहान स्थानक सुचवतो: खेरवाडी, कसबे सुकेणे किंवा लासलगाव. एक फलाट, एक बाजूची लाइन, मालधक्का आणि मागे द्राक्षाची बाग एवढे पुरते. बागेसाठी बारीक तारेचे मांडव करून त्यावर हिरव्या रंगात बुडवून वाळवलेल्या स्पंजचा चुरा चिकटवावा. लासलगावच्या मालधक्क्यावर कांद्याचा ढीग हवाच. त्यासाठी पुष्कळ जण मोहरी वापरतात, पण १:८७ मध्ये मोहरीचा दाणा जवळपास कलिंगडाएवढा दिसतो. खसखस एक मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे मोठ्या कांद्याएवढी. ती लालसर रंगवून पातळ फेविकॉलने बसवावी आणि वरून व्हार्निशचा हात द्यावा, म्हणजे कीड लागत नाही.

डोंगर करण्याची विद्या आपल्याकडे घराघरात आहे, कारण ज्याने दिवाळीत किल्ला केला आहे, त्याला उतार, पायथा आणि वाट कशी दाखवायची, हे शिकवावे लागत नाही. फक्त माती वापरू नये. तिचे वजन आणि ओल दोन्ही फळीला घातक ठरतात. पुठ्ठ्याच्या पट्ट्या जाळीसारख्या विणून त्यावर पातळ फेविकॉलमध्ये भिजवलेल्या वर्तमानपत्राचे तीन-चार थर द्यावेत. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून निर्बंध आल्यामुळे हा जुना मार्ग आता पुन्हा रूढ झाला आहे, आणि तो अधिक टिकाऊही आहे. रंग देताना इगतपुरीकडच्या पावसाळी हिरव्याची आणि निफाडकडच्या काळ्या मातीची गल्लत करू नये. खडी पसरल्यावर ती आधी साबणाचे दोन थेंब टाकलेल्या पाण्याच्या फवाऱ्याने ओली करावी आणि मगच पातळ फेविकॉल ड्रॉपरने सोडावा. कोरड्या खडीवर गोंदाचे मणी होतात आणि ती वाहून जाते.

विजेचे खांब प्रत्यक्षात सरळ मार्गावर एकमेकांपासून ७२ मीटरपर्यंत दूर असू शकतात, म्हणजे एचओमध्ये ८३ सेंटिमीटर. चार फुटांच्या फळीवर तसे केल्यास जेमतेम दोन खांब बसतील. म्हणून मी ते ३५ सेंटिमीटरवर लावतो, आणि ही लबाडी कोणालाही खटकत नाही. इंजिनाच्या टपावरचा, तारेतून वीज घेणारा पँटोग्राफ मात्र दोऱ्याने तारेच्या किंचित खाली बांधून ठेवावा.

एकट्याने हे सारे करता येते, पण आपल्या शहरात तसे करण्याची गरज नाही. नाशिक रोड आणि देवळाली परिसरात रेल्वेत आयुष्य घालवलेली किती तरी मंडळी आहेत. माझ्या शेजारच्या निवृत्त काकांना मी अभिमानाने पहिली फळी दाखवली, तेव्हा त्यांनी इंजिनाकडे पाहिलेसुद्धा नाही, “अहो, तुमचा होम सिग्नल उजव्या हाताला कसा? ड्रायव्हर डावीकडे बघणार,” एवढेच ते म्हणाले. त्या एका वाक्याने मला जे शिकवले, ते महिनाभराच्या वाचनाने शिकवले नसते. अशा माणसांना चहाला बोलवावे, वहीत लिहून घ्यावे आणि त्यांनी सांगितलेली दुरुस्ती त्यांच्यासमोरच करावी. स्थानकाची मापे घ्यायची असतील, तर फलाट तिकीट काढून आणि तेथील नियम पाळून पावलांनी अंतर मोजावे. रुळांवर उतरणे धोक्याचे आहे आणि कायद्याने गुन्हाही आहे. ज्यांना पूर्णत्वास गेलेला मोठा लेआउट प्रत्यक्ष पाहायचा आहे, त्यांनी पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले मिनिएचर रेल्वे संग्रहालय पाहावे, आणि पाहताना गाड्यांपेक्षा रुळांची वळणे आणि पॉइंट (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे) कसे बसवले आहेत, याकडे जास्त लक्ष द्यावे.

तीन-चार जण जमले, की फळ्यांचे माप सर्वांनी आधी लेखी ठरवावे: जमिनीपासून रुळाची उंची किती, पुढच्या कडेपासून पहिला रूळ किती आत, वायरींचे रंग कोणते आणि कोणत्या जातीचा प्लग. फळीच्या कडेपाशी शेवटचे दहा सेंटिमीटर रूळ सरळ आणि कडेला काटकोनात असावा, हा नियम कोणीही मोडू नये, कारण वळणावर पडलेला जोड कधीच नीट जुळत नाही. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लेझर कटिंग करणारे अनेक कारखाने आहेत. सर्वांनी मिळून जोडाच्या टोकपट्ट्या एकाच मापाने कापून घेतल्यास खर्चही वाटला जातो आणि बोल्टची भोकेही हुबेहूब जुळतात.

एकत्र जमल्यावर दुसऱ्याच्या इंजिनाला विचारल्याशिवाय हात लावू नये, आणि प्रत्येकाने आपली चाके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसूनच गाडी रुळावर ठेवावी, कारण एका गाडीची घाण सगळ्यांच्या रुळांवर पसरते. गाडी घसरली, तर ती उचलून पुढे ठेवण्याची घाई करू नये. ज्या जोडावर चाक उतरले, तेथे मास्किंग टेपचा तुकडा लावावा, त्यावर तारीख आणि कोणता डबा उतरला ते लिहावे, आणि जोड दुरुस्त होऊन तोच डबा तेथून दहा वेळा सुखरूप गेल्याशिवाय तो तुकडा काढू नये.