टोकनच्या कॉलची चूल वेगळी मांडा

अँड्रॉइड ॲपमध्ये सर्व्हरचे कॉल डिपेंडन्सी इंजेक्शनने (वर्गाला लागणाऱ्या गोष्टी त्याने स्वतः न बनवता बाहेरून देणं) कसे लावायचे, हे सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. बहुतेक सगळे पहिला कॉल यशस्वी झाला की आवरतं घेतात. खरा घोळ त्यानंतर सुरू होतो, लॉगिनचं टोकन (सर्व्हरला ओळख पटवणारी, काही वेळाने संपणारी चिठ्ठी) संपलं की. कोटलिन भाषा, रेट्रोफिट (सर्व्हरचे कॉल करणारी लायब्ररी) आणि हिल्ट (डिपेंडन्सी जोडून देणारी) तुमच्या प्रोजेक्टमध्ये आधीच चालू आहेत असं धरून लिहितोय.

१. स्क्रीनला फक्त इंटरफेस दिसू द्या. ऑर्डर आणणं, ऑर्डर पोचल्याचं कळवणं, ही कामं एका इंटरफेसमध्ये लिहा. व्ह्यू-मॉडेलला (स्क्रीनला डेटा पुरवणाऱ्या वर्गाला) कन्स्ट्रक्टरमधून तेवढाच मिळावा; मागे रेट्रोफिट आहे की चाचणीचा खोटा डेटा, याचा त्याला पत्ता लागता कामा नये. आम्हा इंदूरकरांना हे सराफ्यावरून चटकन कळतं: दिवसा सोन्याची दुकानं, रात्री त्यांच्याच पुढे जिलबी आणि भुट्ट्याचा कीस. गल्ली तीच, मांडणारा बदलतो.

२. ओके-एचटीटीपीचा (रेट्रोफिटच्या खालची नेटवर्क लायब्ररी) क्लायंट हिल्टच्या मॉड्यूलमध्ये एकदाच बनवा, सिंगलटन म्हणून, म्हणजे अख्ख्या ॲपला एकच. दर रिपॉझिटरीत (डेटा आणणाऱ्या वर्गात) नवा क्लायंट म्हणजे दर ठिकाणी वेगळा कनेक्शन पूल आणि वेगळे थ्रेड.

३. टोकन हेडरमध्ये लावायला एक इंटरसेप्टर, म्हणजे जाणारी रिक्वेस्ट वाटेत धरणारा वर्ग. त्यात बाकी काही कोंबू नका.

४. आता टोकन संपल्यावर काय? इथे मी दोन दिवस घालवलेत, म्हणून सावकाश वाचा.

सर्व्हरने ४०१ (‘ओळख पटली नाही’) दिला की ओके-एचटीटीपी ऑथेंटिकेटरकडे जातं; नवं टोकन घालून रिक्वेस्ट परत पाठवणं हे त्याचं काम. ऑथेंटिकेटरला नवं टोकन आणायला लॉगिन-सेवा हवी. लॉगिन-सेवेला रेट्रोफिट हवं, रेट्रोफिटला क्लायंट हवा, आणि क्लायंटला हाच ऑथेंटिकेटर. हिल्टच्या आतला डॅगर बिल्डच होऊ देत नाही, डिपेंडन्सी सायकल म्हणून ओरडतो. यावर सर्रास मिळणारा सल्ला असा: लॉगिन-सेवा थेट मागू नका, प्रोव्हायडरमध्ये किंवा लेझीमध्ये गुंडाळून मागा, म्हणजे ती गरज पडेल तेव्हाच बनेल. तसं केलं की बिल्ड होतं, हे खरं. पण गाठ सुटलेली नसते. ती आता ॲप चालू असताना बसते. हा सल्ला देणाऱ्यांवर माझा राग आहे, कारण मी तो ऐकला होता.

एका शेव-नमकीनवाल्यासाठी डिलिव्हरीचं ॲप केलं होतं. होम स्क्रीन उघडली की चार कॉल एकदम जायचे. काही महिने सुरळीत गेले. मग मालकांना आजच्या वसुलीचा आकडाही तिथेच हवा झाला, मी पाचवा कॉल जोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांवर जिरावण (इंदुरी मसाला) भुरभुरवत होतो, तोच फोन: “भिया, ऐप घूमे जा रहा है, खुल नहीं रहा।” बंद करून उघडलं तरी तेच. ॲपचा डेटा पुसून पुन्हा लॉगिन केलं की चालायचं, पुढच्या सकाळपर्यंत.

कारण डिस्पॅचरमध्ये होतं, म्हणजे कोणता कॉल कधी सोडायचा ते ठरवणाऱ्या भागात. ओके-एचटीटीपीचा डिस्पॅचर एका होस्टला एका वेळी ५ असिंक कॉल (उत्तराची वाट न बघता मागे सोडलेले) जाऊ देतो, तुम्ही आकडा बदलला नाही तर. रात्रभरात टोकन संपलेलं, त्यामुळे पाचही कॉलना ४०१. पाचही जण ऑथेंटिकेटरमध्ये आपापली जागा अडवून बसले. नवं टोकन आणणारा कॉल मी रन-ब्लॉकिंगच्या आत सस्पेंड फंक्शनने करत होतो, आणि तो रेट्रोफिट असिंकच सोडतं, म्हणजे तोही त्याच डिस्पॅचरच्या रांगेत, सहावा. पाच जण सहाव्याची वाट बघतायत आणि सहावा जागा रिकामी होण्याची. चारच कॉल होते तोवर पाचवी जागा मोकळी असायची, म्हणून कधी कळलंच नाही. टाइमआउटही मदतीला येत नाही: कनेक्ट आणि रीडचे १० सेकंद कॉल रांगेतून सुटल्यावर मोजले जातात, आणि अख्ख्या कॉलची मर्यादा मुळात शून्य, म्हणजे नाहीच.

तेव्हा टोकनच्या कॉलची चूल वेगळी. क्वालिफायर (दोन क्लायंट वेगळे ओळखायची खूण) लावून दुसरा क्लायंट द्या, ऑथेंटिकेटरशिवाय. डॅगरची कुरकुर तिथेच थांबते. मात्र हा क्लायंट पहिल्याच्या न्यू-बिल्डरने मुळीच बनवू नका. तसा बनवलात तर डिस्पॅचर तोच राहतो. चूल वेगळी, नळ सामायिक. कोऱ्या बिल्डरने बनवा. शिवाय कॉल साधा, म्हणजे उत्तर येईपर्यंत थांबणारा, एक्झिक्यूटने करा. असिंकची मर्यादा त्याला लागू नाही. अडकणं टाळायला यातलं कुठलंही एक पुरतं. मी दोन्ही करतो.

एवढ्यावर सोडू नका. पाच कॉलना ४०१ आला तर पाच वेळा टोकन आणलं जाईल, आणि रिफ्रेश टोकन (नवं टोकन मागायला वापरायचं ते) एकदाच चालू देणारा सर्व्हर असेल तर पहिला जिंकेल, बाकीचे तुम्हाला लॉगआउट करतील. म्हणून ऑथेंटिकेटरमध्ये कुलूप (एका वेळी एकालाच आत सोडणारा लॉक) लावा. कुलूप मिळाल्यावर आधी बघा: नाकारलेल्या रिक्वेस्टमधलं टोकन आणि साठवलेलं टोकन वेगळं आहे का? असेल तर कोणीतरी आधीच आणलंय. तेच लावून परत पाठवा. नवं टोकन हेडरमध्ये ऑथेंटिकेटरनेच घालायचं, कारण तिसऱ्या पायरीतला इंटरसेप्टर या दुसऱ्या खेपेला चालत नाही. आणि घालताना जुनं बदला. ॲड-हेडर वापरलंत तर दोन्ही टोकनं जातील. नवं टोकन मिळालंच नाही तर नल (null) परत करा आणि लॉगिनची स्क्रीन दाखवा.

५. चाचणी मॉक-वेब-सर्व्हरवर (चाचणीपुरता खोटा सर्व्हर) घ्या. जुनं टोकन दिसलं की ४०१, नवं दिसलं की २००, असं उत्तर द्यायला लावा आणि रिफ्रेश नेमकं एकदाच झालं ना ते मोजा. चाचणीला वेळेची मर्यादा घाला, नाहीतर ॲपसारखी तीही लटकून बसेल. कॉल एकदम सहा सोडा. चारवर माझंही चालतच होतं.