बांधकामावरील धूळ, धूर आणि डिझेलची गळती कशी रोखावी

लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्यामुळे मराठवाड्यात धूळ बसवण्यासाठी टँकरमागून टँकर रिकामे करावेत, हा सल्ला मला पटत नाही. धूळ उडूच नये, अशी व्यवस्था आधी करावी. वाहनांच्या वाटेवर खडी अंथरून ती रोलरने दाबावी, वेग ताशी १५ किलोमीटरच्या आत ठेवावा आणि वाळू, मुरूम ताडपत्रीने झाकावेत. शिंपडणे भागच पडल्यास टायर धुतलेले, निवळलेले पाणी वापरावे. मात्र त्यावर तेलाचा तवंग नसावा.

डिझेलची पिंपे उघड्या जमिनीवर ठेवू नयेत, कारण काळ्या मातीला उन्हाळ्यात खोल भेगा पडतात आणि सांडलेले डिझेल त्यांतून खाली उतरून शेजारच्या विहिरीचे पाणी नासवू शकते. पिंपांखाली काँक्रीटचा ओटा करून त्याभोवती, सर्वांत मोठ्या पिंपातील सगळे डिझेल सांडले तरी मावेल, एवढा बांध घालावा. सांडलेले डिझेल पाण्याने न धुता कोरड्या वाळूने किंवा लाकडाच्या भुशाने टिपावे आणि तो भुसा वेगळा साठवावा.

उभ्या डंपरचे इंजिन बंद ठेवावे. जेसीबीचा एअर फिल्टर धुळीने चोंदला की काळा धूर वाढतो, म्हणून उन्हाळ्यात तो नेहमीपेक्षा लवकर तपासावा.