रिकाम्या हातांचा माणूस प्लॅनमधून काढा

प्लॅन आपण वरून बघतो. छत उचलून बाजूला ठेवलेलं, भिंती कापलेल्या आणि आपली नजर अधांतरी. घर बांधून झाल्यावर त्या जागी कुणीच कधी नसणार. राहणाऱ्याला घर कळतं ते पावलांना, कोपरांना, पाठीला, कानांना. मी घरांची आणि छोट्या दवाखान्यांची कामं करते, आणि प्लॅन पसंत करायचा अधिकार एकट्या डोळ्यांना द्यायचा नाही एवढा नियम पाळते.

दुसरी अडचण म्हणजे आराखडा काढणाऱ्याच्या डोक्यात ठाण मांडून बसलेला एक माणूस. तो उभा असतो, धडधाकट असतो, हात रिकामे असतात, वेळ दिवसाची असते. वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी तर या माणसाला मापंच देऊन टाकली: उंची १.८३ मीटर, हात वर केला की २.२६. फ्रान्समधल्या मार्सेमध्ये १९५२ साली पुरी झालेल्या त्यांच्या भल्यामोठ्या निवासी इमारतीत घरांच्या छताची उंची याच २.२६ वर बेतलेली आहे. माझी उंची १.५४. त्या गृहस्थाचा हात जिथे सहज पोहोचतो तिथे मला स्टूल लागतं. मापं ठरवण्याशी माझं भांडण नाही, एकाच शरीराला सगळ्यांचं मुखत्यारपत्र देण्याशी आहे.

खालची पद्धत स्वतःचं घर बांधणाऱ्याला चालेल, दुरुस्ती काढणाऱ्याला चालेल आणि या धंद्यात नव्याने आलेल्यालाही. सामान फारसं नाही. मोजपट्टी, खडू, मास्किंग टेप, मोठाले पुठ्ठे आणि एक वही.

आधी माणसं मोजा

खोल्यांच्या आधी राहणारी माणसं मोजा. प्रत्येकाची पाच मापं घ्यायची: उभ्याने डोळ्यांची उंची, बसून डोळ्यांची उंची, उभ्याने कोपराची उंची, टाचा न उचलता हात वर कुठवर जातो ते, आणि बसल्यावर गुडघ्याच्या मागच्या बाजूपासून जमिनीपर्यंतचं अंतर. कुणी चाकाची खुर्ची वापरत असेल तर सगळी मापं खुर्चीत बसूनच.

ओटा किंवा उभ्याने कामाचं टेबल कोपराच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली असावं. जोर लावायचं काम असेल तर आणखी थोडं खाली. दोघांच्या उंचीत बराच फरक असेल तर सरासरी काढू नका, दोघांचीही पाठ दुखेल. जो जास्त वेळ काम करतो त्याचं माप धरा, नाहीतर दोन उंचीचे ओटे करा. खिडकीचं माप बसलेल्या डोळ्यांशी जुळवून बघा. चौकटीचा आडवा दांडा नेमका त्या उंचीवर आला की बाहेरचं झाड कायमचं दोन तुकड्यांत दिसतं. हे कागदावर कुणाच्याच लक्षात येत नाही, कारण कागदावर खिडकी समोरून काढतात आणि तिच्यासमोर कुणी बसलेलं नसतं.

मग वही

एक आठवडाभर प्रत्येकाने आपल्या शरीराची नोंद ठेवायची. कामाची नोंद नको, शरीर काय करत होतं त्याची. ‘स्वयंपाक केला’ या वाक्याचा मला काही उपयोग नसतो. ‘दोन्ही हातांत गरम भांडं, दार कोपराने ढकललं’ यावरून मला दाराची दिशाही कळते आणि दाराशेजारी भांडं टेकवायला फळी हवी हेही कळतं. कुठे वाकलात, कुठे टेकलात, बूट घालताना एका पायावर उभे होतात की पायरीवर बसलात, दमून आल्यावर पहिल्यांदा कुठे बसलात, अंधारात हात भिंतीवर कुठे गेला. लोक सुरुवातीला लाजतात, मग त्यांना चटक लागते.

एक बाई भाषांतराचं काम करायच्या. त्यांना हवी होती मोठी खिडकी आणि तिच्यासमोर टेबल. वहीत निघालं वेगळंच. शब्द अडला की त्या उठायच्या आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहायच्या, दिवसातून कितीतरी वेळा. टेबलाशेजारची दीड मीटर भिंत मोकळी सोडली, पुस्तकांचं कपाट दुसरीकडे नेलं आणि त्या तुकड्याला खांद्याच्या उंचीपर्यंत लाकूड लावलं. नुसत्या गिलाव्याला पाठ लावली की गार लागतं आणि कपड्यांना पांढरं लागतं. खिडकी त्यांना मिळालीच, पण घरातली त्यांची जागा ती भिंत.

वहीतल्या नोंदींत एक सदर हमखास कोरं राहतं, ते म्हणजे आडवं पडणं. आपण जवळजवळ एक तृतीयांश आयुष्य आडवे असतो आणि आजारपणात तर पूर्ण दिवस. त्या डोळ्यांसमोर भिंत नसते, छत असतं. फिनलंडमधलं पाइमियोचं क्षयरोग्यांचं आरोग्यधाम, १९३३ साली पूर्ण झालेलं, वास्तुविशारद आल्वार आल्टो यांनी याच जाणिवेतून आखलं. खोलीचं छत डोळ्यांना शांत वाटेल अशा गडद छटेत रंगवलं. दिवा पडलेल्या रुग्णाच्या डोळ्यांत जाणार नाही असा बसवला. दोघांच्या खोलीत एकाने हात धुतले तर दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून बेसिनचा उतार असा ठेवला की पाणी आवाज न करता पडावं. मी दवाखान्याचं काम करते तेव्हा तपासणीच्या खाटेवर कोण कसं पडेल ते ठरवून तिथे स्वतः पडून बघते. वर काय दिसतं? बहुतेक ठिकाणी ट्यूबलाइट, तीही नेमकी डोळ्यांवर. ती सरकवायला फारसं काही लागत नाही. फक्त छताचा नकाशा काढताना कुणीतरी आडवं पडलेलं असावं लागतं.

हालचाली मोजण्याचं उदाहरण सगळे देतात ते फ्रँकफर्ट किचनचं, जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या नव्या घरांसाठी आखलेल्या स्वयंपाकघराचं. वास्तुविशारद मार्गारेट शुट्टे-लिहोट्स्की यांनी १९२६ साली बाईची पावलं आणि वेळ यांचा विचार करून १.९ बाय ३.४ मीटरमध्ये सगळं बसवलं, बसून काम करायला फिरतं स्टूलही दिलं. काम पक्कं होतं. पण ती जागा एकाच शरीरासाठी मोजलेली. दुसरं माणूस मदतीला शिरलं की अडचण. तुमच्या वहीत ‘मागून कुणीतरी गेलं’ अशी नोंद वारंवार येत असेल तर ओट्यामागे १२० सेंटिमीटर मोकळे ठेवा.

जमिनीवर एकास एक

आता प्लॅनमधली सगळ्यांत वादाची खोली खऱ्या मापात जमिनीवर टेपने काढा. गच्ची, अंगण, रिकामा हॉल, कुठेही. नुसती टेप पुरत नाही, कारण टेपला कोपर आपटत नाही. महत्त्वाच्या भिंतींच्या जागी पुठ्ठे उभे करा. खुर्च्या-टेबलं खरी आणून ठेवा, नसतील तर त्याच मापाची खोकी.

इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. उघड्यावर काढलेली खोली नेहमी लहान दिसते. लोक घाबरतात आणि ‘अजून दोन फूट वाढवा’ म्हणतात. डोळ्यांचं ऐकू नका, त्यांना आजूबाजूला मोकळं मैदान दिसतंय. खोलीत वावरून बघा आणि अंग काय म्हणतं ते ऐका.

वावरायचं म्हणजे वहीतल्या नोंदी करून दाखवायच्या. भरलेली बादली घेऊन वळा. दोन पिशव्यांसह दार उघडा. पलंगाच्या जागी आडवे व्हा, डोळे अर्धे मिटा आणि उठून संडासाकडे चाला. संडासाच्या जागी बसा आणि दार उघडलं तर समोरून कोण बघेल ते पाहा. दोघांनी बोळातून समोरासमोर या: ९० सेंटिमीटरमध्ये एकाला कुशीवर व्हावं लागतं, १२० मध्ये दोघंही नीट जातात. चाकाच्या खुर्चीसाठी दीड मीटर व्यासाचं वर्तुळ खडूने काढा आणि ते कुठे कुठे मावतं ते बघा. आज घरात खुर्ची नसली तरी काढा. मोडलेला पाय सगळ्यांच्या वाट्याला येऊ शकतो. निदान एक न्हाणीघर आणि तिथवर जाणारी वाट तरी त्या वर्तुळाला पुरली पाहिजे.

मुलांना या वेळी हाकलू नका. घराची सगळ्यांत जास्त तपासणी तीच करतात, गुडघ्यांवर, आणि टेबलाखालून.

जिना गुडघ्यांना विचारून

फ्रान्समध्ये सतराव्या शतकात वास्तुविशारद फ्रान्स्वा ब्लोंदेल यांनी जिन्याचं सूत्र मांडलं ते चालण्यावरून. सपाटीवर माणूस एक ठरावीक पाऊल टाकतो, चढताना ते पाऊल आखडतं. म्हणून पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पायरीची रुंदी म्हणजे एक पाऊल, आजच्या मापात ६० ते ६५ सेंटिमीटर. उंची १७ आणि रुंदी २९ धरली तर बेरीज ६३. हे सूत्र घरच्या जिन्याला बहुतेक वेळा चालतं.

तरीही मी आधी उलटं करायला सांगते. तुमच्या गुडघ्यांना आवडलेला एखादा जिना आठवा, वाचनालयातला, जुन्या शाळेतला, कुणाच्या घरातला. तिथे जाऊन पायऱ्या मोजा. मग तो तसाच्या तसा उचला, थोडी कुरकूर झाली तर सूत्राशी जुळवा. आणि मिस्त्रीला एक गोष्ट ठासून सांगा: सगळ्या पायऱ्या सारख्या हव्यात. दोन-तीन पायऱ्या चढल्या की पायाला उंची पाठ होते, मग मेंदू लक्ष काढून घेतो. शेवटची पायरी जरा वेगळी निघाली की ठेच तिथेच. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमांत एका जिन्यातली सर्वांत उंच आणि सर्वांत बुटकी पायरी यांत ९.५ मिलिमीटरहून जास्त फरक चालत नाही. हा घोळ बहुधा वरच्या मजल्याची फरशी नंतर बसवल्याने होतो, म्हणून जिना ओतण्याआधी दोन्ही मजल्यांच्या फरशीची जाडी ठरवून टाका.

तळवे आणि तळहात

एकाच खोलीत ठेवलेलं लाकूड आणि पोलाद, दोन्हींचं तापमान एकच. तरी पोलाद गार लागतं. त्वचा तापमान मोजत नाही, तिच्यातून उष्णता किती वेगाने निघून जाते ते मोजते. त्यामुळे फरशीचा नमुना हातात घेऊन रंग बघण्यात अर्थ नाही. तो जमिनीवर ठेवा, अनवाणी उभे राहा, मग ओला करून पुन्हा उभे राहा. न्हाणीघरासाठी तर ओल्या पायाने बघितल्याशिवाय काहीच ठरवू नका.

तळव्यांशी बोलणारी इमारत बघायची तर स्वित्झर्लंडमधल्या वाल्स गावातलं स्नानगृह, वास्तुविशारद पेटर त्सुमटोर यांचं, १९९६ सालचं. तिथल्याच दगडाच्या थरांचं, एका कुंडात ४२ अंशांचं पाणी, दुसऱ्यात १४. आल्टो यांनी फिनलंडमधल्याच सायनात्सालोच्या नगरसभागृहात वेगळी युक्ती केली: जिन्यात आणि बोळात विटा, आणि सभेच्या दालनात शिरताच पायाखाली लाकूड. आत आलो हे पावलांच्या आवाजावरूनच कळतं. घरात हे करायला संगमरवर लागत नाही. दारातून आत आल्यावर पहिल्या दोन पावलांखालचा पृष्ठभाग बदलला तरी काम होतं.

दाराच्या मुठीबद्दल थोडक्यात: दुकानात ती फळीवर खिळलेली असते, ती नुसती बघू नका, मुठीत धरा, मग ओल्या हाताने, मग हातात काहीतरी असताना कोपराने दाबून बघा. गोल मुठी दिसायला छान असतात. सांधे दुखणाऱ्या हाताला विचारा.

कान

वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला १८९५ साली हार्वर्डमधलं एक व्याख्यानगृह सुधारायला सांगितलं. तिथे बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा, म्हणजे एक वाक्य पुढच्या वाक्यावर चढायचं. त्यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या बैठकीच्या उशा रात्री उचलून आणल्या आणि मोजत गेले. त्यातून कळलं की मऊ वस्तू आवाज खातात, आणि माणसाचं शरीर व कपडेही खातात.

म्हणून रिकाम्या घरात टाळी वाजवून निकाल देऊ नका, तिथे सगळीच घरं घुमतात. गाद्या, पडदे, पुस्तकं येतील तिथे काय उरेल याचा अंदाज घ्या. ऐकू कमी येणारं कुणी घरात असेल तर जेवायच्या जागेला आधी मऊ छत किंवा जाड पडदे द्या. अशा माणसाला आवाज कमी पडतो त्यापेक्षा जास्त त्रास होतो तो आवाज एकमेकांत मिसळण्याचा.

रात्र, आणि राहायला गेल्यानंतर

साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो, आणि उजेडातून अंधारात डोळा पुरता सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. त्यामुळे रात्रीच्या वाटेवर झगझगीत दिवा नको, गुडघ्याखाली मंद दिवा हवा. विजेच्या खटक्यांची जागा प्लॅनवर ठरवू नका. भिंती उभ्या राहिल्या की दारातून डोळे मिटून आत या, हात जिथे आपोआप जाईल तिथे खडूने खूण करा. घरातल्या प्रत्येकाची खूण वेगळी येते. सर्वांत बुटक्याची आणि सर्वांत उंचाची खूण यांच्या मधली जागा चालते, ओट्यासारखं इथे पाठीवर बेतत नाही.

न्हाणीघरातले आधाराचे दांडे, खुंट्या, जिन्यातला भिंतीकडचा कठडा लगेच ठोकू नका. टाइल लावण्याआधी त्या भिंतींत मजबुतीसाठी मागून आधार घालून ठेवा, म्हणजे नंतर हवं तिथे स्क्रू धरेल. त्या आधाराचा मोजमापांसह फोटो काढून ठेवा, टाइल चढल्यावर तो कुठे आहे हे कुणालाच आठवत नाही. मग राहायला जा. काही आठवड्यांत भिंतीवर हातांचे डाग पडायला लागतील, वळणावर, उंबरठ्याशी, कमोडच्या उजव्या बाजूला. रंगाऱ्याला बोलावण्याआधी प्रत्येक डागाची जमिनीपासूनची उंची लिहून घ्या आणि दांडे त्या उंचीवर बसवा.