फिल्म मास्कवर ५० मायक्रॉनची रेषा फुटत होती, ती अशी सुटली

बेळगावच्या एका ऑफसेट प्रेसमधून मायक्रोफ्लुइडिक चिपसाठी (बारीक वाहिन्यांतून द्रव खेळवणारी चिप) फिल्म मास्क, म्हणजे प्रकाशानं नक्षी उठवायची पारदर्शक फिल्म, काढून घेतो. काचेवरच्या क्रोम मास्कच्या मानानं खर्च किरकोळ. पण मायक्रोस्कोपखाली ५० मायक्रॉनच्या वाहिनीची कड करवतीसारखी, आत ठिपक्यांची रांगोळी, रुंदी कुठे ४० तर कुठे ६०.

एक्स्पोजर वाढवलं, रेषा जाड केली. खानापूरहून चार खेपा फुकट गेल्या.

दोष फाइलचाच. आरजीबीतला (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीतला) काळा प्रेसच्या रिपमध्ये (फाइलचे छपाईचे ठिपके करणारं सॉफ्टवेअर) गडद करडा ठरत होता, आणि करड्याला स्क्रीन, म्हणजे ठिपक्यांची जाळी, लागतेच. ठिपके त्याचे.

आधी मशीनचं रिझोल्यूशन विचारलं: २५४० डीपीआय, म्हणजे एक पिक्सेल बरोबर १० मायक्रॉन. मग कॅडमध्ये १० मायक्रॉनची ग्रिड लावून सगळे कोपरे तिच्यावर बसवले. नुसत्या रेषांचे बंद पॉलिगॉन केले, एकमेकांवर चढलेले जोडले. इमल्शन (फिल्मची काळी नक्षी असलेली बाजू) रेझिस्टला (प्रकाशानं बदलणारा थर) टेकलं पाहिजे, त्या हिशेबानं डिझाइन मिरर केलं. शेवटी २५४० डीपीआयलाच, अँटी-एलियसिंग (कडा करड्या छटांनी गुळगुळीत करणं) बंद ठेवून, १-बिट टिफ, म्हणजे फक्त काळ्या-पांढऱ्याची फाइल, काढली. पीडीएफ दिलीच नाही. प्रेसवाल्या काकांना एवढंच सांगितलं, "साइज १०० टक्के, फिट टू पेज नको."

आता रुंदी ५० भरते. तिरक्या रेषांवर १० मायक्रॉनच्या पायऱ्या राहतात, त्या चालवून घेतो.