पत्रा वाकवण्याआधी एक पट्टी वाकवा

अंबडच्या एमआयडीसीत गेली 19 वर्षं मी प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्रा वाकवण्याच्या मशीनवर, उभा आहे. आमचं बहुतेक काम इलेक्ट्रिक पॅनेलचं: बॉक्स, दारं, ट्रे, माउंटिंग प्लेट. आयटीआय करून आलेला नवीन पोरगा पहिल्याच दिवशी विचारतो, कंट्रोलरमध्ये काय भरायचं? मी त्याच्या हातात मायक्रोमीटर देतो आणि 100 मिलिमीटर लांबीची एक पट्टी देतो. माझ्या लेखी बेंडिंगचं काम या पट्टीपासून सुरू होतं.

समजा 2 मिलिमीटरच्या सीआर (कोल्ड रोल्ड माइल्ड स्टील) पत्र्याचा ट्रे करायचा आहे. बाजारात त्याला 14 गेज म्हणतात. बाहेरून तळ 120, दोन्ही बाजूंना 40-40 च्या भिंती.

आधी जाडी मोजा. बिलावर 2 लिहिलंय म्हणून 2 धरू नका. कापलेल्या काठावर बर, म्हणजे कापताना उरलेली धारदार कड, असते, म्हणून थोडं आत सरकून दोन-तीन ठिकाणी मोजा. मला एकाच महिन्यात 1.92 चाही पत्रा मिळालाय आणि 2.05 चाही. दशांश मिलिमीटरने काय होतंय, असं वाटतं. पण 16 च्या व्हीमध्ये, म्हणजे 16 मिलिमीटर रुंद खाचेच्या खालच्या डायमध्ये, वरून दाबणारा पंच 0.1 मिलिमीटर जास्त खाली गेला, तर कोन साधारण एका अंशाने बदलतो. जाडीतल्या फरकाचंही जवळपास तसंच.

मग डाय निवडा. माइल्ड स्टीलला साधा हिशोब आहे, जाडीच्या आठपट व्ही. 2 ला 16, 3 ला 24. एअर बेंडिंगमध्ये पंच पत्र्याला डायच्या तळापर्यंत नेत नाही. पत्रा तीनच ठिकाणी टेकलेला असतो: पंचाचं टोक आणि डायचे दोन खांदे. म्हणून आतली गोलाई मुख्यतः व्हीच्या रुंदीवरून ठरते. माइल्ड स्टीलला ती व्हीच्या साधारण सहाव्या भागाएवढी येते, म्हणजे 16 च्या व्हीत 2.6 च्या आसपास. स्टेनलेसला थोडी मोठी येते. गोलाई बदलली की ब्लँकचं, म्हणजे वाकवण्याआधीच्या सपाट तुकड्याचं, मापही बदलतं.

हे मी किंमत मोजून शिकलो. एकदा पॅनेलची 48 दारं होती. रुंदीच्या दिशेने चार बेंड. ब्लँक 16 च्या व्हीचं माप धरून कापून आलेले, आणि मशीनवर आदल्या शिफ्टच्या कामाची 12 ची व्ही तशीच बसलेली. मी बघितलं नाही. कोन काटकोनात येत होते, गुण्या लावला की उजेड दिसत नव्हता, म्हणून मी निर्धास्त. प्रत्येक बेंडला 0.3 चा फरक, चार बेंडला 1.2. सगळी दारं आखूड, गॅस्केट फ्रेमवर बसेना. तेव्हापासून शिफ्ट सुरू झाली की डायवर कोरलेला आकडा मी बोट ठेवून वाचतो.

आता पट्टी. ज्या पत्र्यातून काम निघणार, त्याच पत्र्यातून 100 मिलिमीटर लांब, 40-50 रुंद पट्टी कापा. लांबी व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा. ज्या व्हीवर काम करायचंय तिच्यावरच मधोमध 90 अंशात वाकवा. काटकोन पक्का झाल्यावर दोन्ही बाजू बाहेरून मोजा. समजा 51.9 आणि 51.8 आल्या. बेरीज 103.7. त्यातून 100 वजा केले की उरले 3.7. हे तुमचं एका बेंडचं डिडक्शन. ट्रेच्या बाहेरच्या मापांची बेरीज 40 + 120 + 40, म्हणजे 200. दोन बेंडचे 7.4 वजा करा. ब्लँक 192.6 चा कापा.

एका पोराने मला विचारलं होतं, "मामा, डिडक्शनच्या चार्टवर तर 3.8 दिलंय, मग पट्टी कशाला?" मी म्हटलं, "चार्ट ज्या पत्र्यावर केला, तो पत्रा तुझ्यासमोर आहे का?" चार्ट अंदाजाला चांगला. ब्लँक कापायला पट्टीचाच आकडा घ्या.

पट्टी फेकू नका. तिच्यावर मार्करने जाडी, मटेरियल, व्ही आणि डिडक्शन लिहा, आणि रोलिंगच्या दिशेचा बाण काढा. आमच्या मशीनशेजारी अशा पट्ट्या तारेत ओवून टांगल्या आहेत.

त्या बाणाचं कारण सांगतो. पत्रा मिलमध्ये रोलमधून निघतो तेव्हा त्याला लांबीच्या दिशेने रेघ पडते. बेंडची रेघ तिला आडवी असली तर पत्रा सुखाने वाकतो. समांतर असली तर बाहेरच्या बाजूने तडा जाण्याची भीती. साध्या सीआरला बहुतेक वेळा चालून जातं, पण 6061-टी6 ॲल्युमिनियमला मी कधीच समांतर वाकवत नाही. गोलाई मोठी ठेवली तरी ते दगा देतं. वाकवल्यावर बाहेरच्या गोलाईवरून नख फिरवा. तडा डोळ्याला दिसायच्या आधी नखाला लागतो. आणि बरची बाजू नेहमी बेंडच्या आत ठेवा. बाहेरची बाजू ताणली जाते, बर तिकडे असेल तर तडा तिथूनच सुरू होतो.

पंच वर गेला की पत्रा थोडा उलगडतो. हा स्प्रिंगबॅक. माइल्ड स्टील अंशभर उलगडतं, 304 स्टेनलेस दोन-तीन अंश. म्हणून तेवढं जास्त वाकवावं लागतं, आणि म्हणूनच एअर बेंडिंगची डाय 90 पेक्षा कमी अंशाची घेतात. कोन कमी-जास्त आला तर पंचाची खोली एकदम बदलू नका, 0.05 ने सरका.

टनेज, म्हणजे मशीनच्या दाबाचा जोर, बेंडच्या दर मीटर लांबीमागे बघा. 2 मिलिमीटर माइल्ड स्टील, 16 ची व्ही: मीटरला 16 टनांच्या आसपास. स्टेनलेसला दीडपट धरा. लहान नगावर मोठं टनेज सोडलं तर सगळा भार पंचाच्या तेवढ्याच भागावर येतो आणि टूल कायमचं दबतं.

ड्रॉइंग हातात आल्यावर दोन गोष्टी आधीच तपासा. भिंत व्हीच्या पाऊणपटीहून लहान नको, 16 ला किमान 12. नाहीतर काठ खांद्यावरून निसटून डायमध्ये पडतो. आणि भोकाची कड बेंडच्या रेघेपासून व्हीच्या निम्म्याहून लांब हवी, कारण दोन खांद्यांमधला पत्रा अधांतरी असतो. तिथलं भोक लंबगोल होतं. दाराला आत वळणारी ओठाची घडी असेल तर ती आधी मारा, मोठी भिंत नंतर. उलटं केलं तर घडी मारायला पंच आत शिरत नाही.

आता हातांचं, आणि हे जीव तोडून सांगतो. पंच खाली येताच पुढचा पत्रा झपकन वर उठतो. तळवे पत्र्याखाली ठेवून त्याच्यासोबत वर जा. अंगठा वरून अडकवू नका. तो पंच आणि उठत्या पत्र्याच्या मध्ये सापडतो. लहान नग मागच्या गेजला, म्हणजे माप धरणाऱ्या मागच्या टेकूला, टेकवताना बोटं डायच्या रेषेच्या अलीकडेच ठेवा. दोन माणसं असतील तर पेडल एकाकडेच, आणि दुसऱ्याने "हो" म्हटल्याशिवाय पाय ठेवायचा नाही.

पहिला ट्रे निघाला की सगळी मापं घ्या. कोन दोन्ही टोकांना आणि मध्ये तपासा. लांब नगाला मध्ये कोन उघडा राहतो. ठीक असेल तर पुढचे नग सुरू करा. मधेच पत्र्याचं नवीन बंडल उघडलं तर मशीन थांबवा, मायक्रोमीटर लावा आणि नवीन पट्टी कापा.