जुन्या टी-शर्टची झबली: टाके सुटत होते, ते असं थांबलं

नणंदेच्या बाळासाठी घरातल्या जुन्या टी-शर्टची झबली शिवतेय. धुऊन धुऊन मऊ झालेलं कॉटन आपल्या गोव्याच्या दमट हवेत बाळाला नव्या कपड्यापेक्षा खूप बरं, घाम टिपतं. पण मशीन मधेच टाके सोडायची आणि गळा लाटेसारखा पसरायचा. टाके सुटायचं कारण होतं सुई. साधी टोकदार सुई होजियरीचे, म्हणजे टी-शर्टच्या ताणणाऱ्या विणीच्या कापडाचे, धागे भोसकते, बॉलपॉइंट सुई गोल टोकाची असते, ती धाग्यांमधून सरकते. म्हापशाच्या बाजारात ७५/११ नंबरची मिळाली, ती लावली आणि टाके सुटायचे बंद. मग सरळ शिलाईऐवजी बारीक झिगझॅग, म्हणजे गळा डोक्यातून ओढताना दोरा तुटत नाही, आणि गळा पसरू नये म्हणून कापड अजिबात ओढायचं नाही, मशीनलाच पुढे नेऊ द्यायचं, खाली टिश्यू पेपर ठेवून शिवायचं नि नंतर तो फाडून काढायचा.

कापताना कापड जिकडे जास्त ताणतं ती बाजू अंगाभोवती आडवी येईल असं बघा. टी-शर्टची खालची शिवलेली कड तशीच झबल्याची खालची कड म्हणून ठेवा, केवढं काम वाचतं! छातीवरचं रबरी प्रिंट मात्र घेऊच नका, त्यातून हवा जात नाही, बाळाला घामोळं येतं. बटणाऐवजी मी खांद्यावर दोन पट्ट्या एकमेकांवर चढवते, बाळाच्या तोंडात जाण्यासारखं काही उरत नाही.